घूंऽऽ, पांढरी पाच

गेल्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात आमच्या आळीतला न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटला. न्यूट्रल तुटला की २३० व्होल्टच्या घरात ४०० च्या दिशेने निघालेली वीज घुसते. पंखा भिंगरीसारखा पळाला, बल्ब लख्ख होऊन गेला आणि माझ्या अॅम्प्लिफायरमधून करपलेला वास आला. स्पाइक गार्ड त्याच्याही आधी जळाला होता. त्यातली बटणाएवढी चकती विजेचा क्षणभराचा फटका झेलते. मिनिटभर ठाण मांडून बसलेल्या पाहुण्यापुढे तिचं काही चालत नाही.

दुरुस्तीला गेले त्या पैशांत नवा मिक्सर आला असता, हे आई अजून ऐकवते.

मग वायरमन आला. त्याने बोर्ड उघडला आणि हसला. "दादा, तिसऱ्या भोकाला वायरच नाही." म्हणजे वीस वर्षं आमची अर्थिंग शोभेची होती! अॅम्प्लिफायरला हात लावला की झिणझिण्या यायच्या, त्याला मी आजवर संगीताचा परिणाम समजत होतो.

अर्थिंगसाठी अंगणात खड्डा घेतला. पोतंभर मीठ आणि कोळसा आणायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "लोणचं घालताय की कणसं भाजताय?" उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालायचं असतं, ते काम आईने घेतलं. तुळशीला एक तांब्या, अर्थिंगला दोन.

झिणझिण्या गेल्या. पण स्पीकरमधून घूंऽऽ सुरू झालं, आधी कधी नव्हतं असं. दोन दिवस मी एकेक वायर उपसत बसलो. गुन्हेगार निघाली टीव्हीची केबल. तिची अर्थिंग खांबाकडे, आमची अंगणात. दोन्ही अॅम्प्लिफायरमध्ये भेटायच्या आणि मधल्या वाटेने वीज येरझाऱ्या घालायची. अर्थिंग नव्हती तेव्हा भेटीचाच प्रश्न नव्हता.

शिवाय सकाळी आठला मिक्सर. चटणी वाटताना त्याच्या कार्बन ब्रशच्या ठिणग्या थेट सतारीच्या आलापात, खर्रर्र. आईला म्हटलं, चटणी जरा नंतर वाट. ती म्हणाली, "तू आलाप जरा नंतर लाव." यावर बाजारात कुठलाही फिल्टर मिळत नाही.

शेवटी केबल काढून टाकली आणि घूं थांबलं. घरात इतकी शांतता, की मला स्वतःचाच अभिमान वाटला. तेवढ्यात आतून बाबा आले, रियाजाची वही हातात.

"अरे, ते बंद का केलंस?"

"काय?"

"घूं. पेटीवरची पांढरी पाच होती, किंचित चढी. पण तानपुरा लावायला बसावं लागत नव्हतं."

परवा ढग गडगडल्यावर मी धावत चारही प्लग उपसले. लाईट आल्यावर बघतो, तर केबल पुन्हा जागेवर आणि बाबा सा लावून बसलेले.