पाचवी पास, पुन्हा पाचवी

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ सालचा. टेबलाभोवती चार-पाच मोठी माणसं बसतात, एक जण डंजन मास्टर होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि खड्ड्यावरून उडी मारणारं पात्र पलीकडे पोचलं की आत पडलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आमच्या गटाचा डंजन मास्टर मी. म्हणजे पुस्तकं विकत घ्यायची मी, वाचायची मी, आणि "असं कुठं लिहिलंय?" हे ऐकून घ्यायचं तेही मीच.

या खेळाला अधूनमधून नवी एडिशन फुटते. १९८९ला दुसरी आली, २०००ला तिसरी, आणि तिला जेमतेम तीन वर्षं होताहेत तोवर साडेतिसरी. (थट्टा नाही. नावच ३.५.) २००८ला चौथी आली, तिच्यावर लोक इतके चिडले की जुने नियम घेऊन वेगळी चूल मांडणाऱ्या पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाचं उखळ पांढरं झालं. २०१४ची पाचवी सगळ्यांना मानवली. आणि २०२४ला जी आली, तिला सहावी म्हणायला कंपनी तयार नाही. तीही पाचवीच, दहावीच्या गाईडवर छापतात तशी 'सुधारित'.

पुस्तकं तीन: खेळाडूंचं, डंजन मास्टरचं आणि राक्षसांचं. प्रत्येकी ४९.९९ डॉलर. रुपयांत हिशेब मांडला तर बारा हजारांच्या पुढे जातो, तो मी कागदावर मांडत होतो आणि बायको खांद्यावरून वाचत होती.

"राक्षसांचं पण नवं? जुने मारून संपले का?"

याला उत्तर नाही. आमच्या गटाने मारलेल्या राक्षसांची यादी केली तर जुन्या पुस्तकाची पहिली पंचवीस पानंसुद्धा भरणार नाहीत.

मग ठरवलं, बदल काय ते आधी नीट बघू. नियमांचा मूळ गाभा फुकट उतरवून घेता येतो, तो घेतला. औषधाची कुपी पिणं. पूर्वी त्यात अख्खी ॲक्शन, म्हणजे पाळीतली मुख्य कृती, जायची, आता बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे तिच्या जोडीच्या छोट्या कृतीत, भागतं. छानच; पण हा नियम आमच्या टेबलावर कधीचा चालू आहे. उलट आम्हीच कुणाला तरी बिल पाठवायला हवं. कुस्ती. जुन्या पुस्तकात एकाने दुसऱ्याला धरलं की दोघांनी फासे टाकायचे, आणि तो नियम शोधण्यात चहा निवायचा. आता धरला जाणारा एकटाच फासा टाकतो. आमच्या जुन्या प्रतीत त्या पानावर चिवड्याच्या तेलाचा डाग आहे. पुस्तक हातातून सोडलं की आपोआप तिथंच उघडतं.

ही बातमी गटात फुटायला नको होती. फुटली. आमची क्लेरिक, म्हणजे खेळात पुजारीण होणारी, लगेच नव्याच्या बाजूने, कारण जखम भरण्याच्या मंत्राला आता एकाऐवजी दोन फासे मिळतात. बार्बेरियनला, म्हणजे रानटी योद्ध्याला, शस्त्रांच्या नव्या करामती हव्यात. पण त्याचं पात्र हाफ-ऑर्क, म्हणजे अर्धा माणूस आणि अर्धा ऑर्क नावाच्या दांडग्या जमातीचा, आणि नव्या पुस्तकाच्या सातबाऱ्यावर हाफ-ऑर्कचं नावच नाही. पूर्ण ऑर्क आहे. "म्हणजे माझी आई कोण होती?" असं त्याने गंभीरपणे विचारलं. त्या आईवर त्याने दोन पानी पूर्वपीठिका लिहिलेली आहे.

खरा विरोध पॅलाडिनचा, म्हणजे आमच्या धर्मयोद्ध्याचा. हा गृहस्थ दिवसा सहकारी बँकेत कर्ज विभाग सांभाळतो आणि रविवारी दैवी तेजाने शत्रूंची राख करतो. जुन्या नियमात तो एका पाळीत जितक्या वेळा वार लागेल तितक्या वेळा ते तेज ओतू शकायचा. नव्यात पाळीला एकदाच, तेही बोनस ॲक्शन खर्चून. "हे व्याजदर मधेच बदलण्यासारखं आहे," तो म्हणाला. ज्याने बदलायचे तोच बोलतोय म्हटल्यावर आम्ही मान खाली घातली.

माझं मत विचाराल तर, डंजन मास्टरचं आणि राक्षसांचं आत्ता नको, जुन्यावर भागतंय. खेळाडूंचं मात्र घ्यावं. ते ३२० पानांवरून ३८४वर गेलंय म्हणून नव्हे (वजन मलाच उचलायचंय), तर शेवटी नियमांचा अकारविल्हे कोश दिलाय म्हणून. कुणी अदृश्य झालं, कुणी बेशुद्ध पडलं, की त्या शब्दावर बोट ठेवायचं आणि वाद मिटवायचा. जुन्यात बरेच नियम ठिकठिकाणी विखुरलेले, आणि सूची अशी की एका नोंदीवरून दुसरीकडे जा म्हणते, सरकारी खिडकीवरच्या माणसाच्या मायेने.

तर एकाच पुस्तकासाठी वर्गणी काढली. क्लेरिकने तिथल्या तिथे दिली. बार्बेरियनने आईचा प्रश्न सुटल्यावर देतो म्हटलं. पॅलाडिननेही दिली, पण आधी एक कागद पुढे सरकवला: त्याचं पात्र मरेपर्यंत २०१४च्याच नियमांनी चालेल, सदर अट गटावर बंधनकारक राहील. खाली माझ्या सहीसाठी जागा, आणि जामीनदारांच्या दोन.