नार्विकची मालगाडी आणि फुकट विजेचं गाजर

‘स्वीडनमधली विजेविना धावणारी रेल्वे’ हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. मी दुर्लक्षच केलं असतं. पण आता त्याच्याखाली ‘याच तंत्रावर चालणारा’ घरगुती जनरेटर विकायला ठेवलाय आणि आमचा आत्येभाऊ त्यासाठी आगाऊ रक्कम भरायला निघालाय.

मेसेज म्हणतो: किरुनाच्या लोहखाणीतून निघालेली गाडी उतारावर इतकी वीज तयार करते, की तिला बाहेरची वीज कधीच लागत नाही. म्हणजे ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही, हा नियम खोटा!

खरं आहे तेवढं मान्य करतो. उतारावर ब्रेक लावताना इंजिनाच्या मोटारी जनित्राचं काम करतात आणि वीज वरच्या तारेत परत जाते. स्वीडन-नॉर्वे सीमेपासून नॉर्वेतल्या नार्विक बंदरापर्यंत सुमारे ५०० मीटर उंचीचा उतार आहे. ६८ वाघिणींची भरलेली गाडी ८,६०० टनांची, त्यात ६,८०० टन खनिज. ते बंदरात उतरवलं की उरतात जेमतेम १,८०० टन. एवढं वजन पुन्हा सीमेपर्यंत चढवायला उतारावर मिळालेली वीज पुरते.

सीमेपर्यंतच! किरुना ते नार्विक अंतर सुमारे १७० किलोमीटर, आणि हा मोठा उतार शेवटच्या चाळीसेक किलोमीटरांत. त्याआधी तोच भार घेऊन गाडीला सीमेपर्यंत चढावं लागतं, तारेतल्या विजेवर. किरुना ते सीमा हा मार्ग १९१५ सालीच विद्युतीकृत झाला. मेसेजमधल्या फोटोतही तार स्पष्ट दिसते, पण फोटो बघतो कोण?

मुळात ही ऊर्जा येते खाली उतरणाऱ्या खनिजाच्या वजनातून. तेच खनिज घेऊन गाडीला परत वर चढायला लावा, सगळा चमत्कार तिथेच संपेल. आणि ते खनिज डोंगरमाथ्यावर आपोआप उगवत नाही. खाण चालवणारी एलकेएबी ही सरकारी कंपनीच सांगते, की तिची मुख्य वाहतूक पातळी जमिनीखाली खोलवर, १,३६५ मीटरवर आहे. तिथून माल वर येतो विजेच्या उच्चालकांनी. पंपाने गच्चीवरची टाकी भरायची आणि नळाला धार आली की ‘फुकट पाणी’ म्हणून नाचायचं, त्यातला प्रकार. आत्येभावाच्या जनरेटरमध्ये कुठलं वजन किती उंचीवरून खाली येतं आणि ते परत वर कोण नेतं, हे विक्रेत्याने आधी सांगावं.

बाकीचे मुद्दे किरकोळ. ‘जगातली सर्वांत मोठी लोहखाण’? भूमिगत खाणींपुरतं ठीक. उघड्या खाणी धरल्या तर ब्राझीलची काराजास कितीतरी मोठी. ‘कधीच बंद पडत नाही’? डिसेंबर २०२३ मध्ये गाडी घसरली आणि मार्ग दोन महिने बंद होता. सुरू झाल्यावर काही दिवसांतच पुन्हा घसरली.

आणि ‘आपली रेल्वे हे तंत्र दडपते’ म्हणे. आपली वॅप-७, वॅग-९ इंजिनंही उतारावर तारेत वीज परत पाठवतात. त्याने रेल्वेचं बिल कमी होतं, शून्य होत नाही.