बेल्टवर स्प्रे मारून आवाजाचं निदान होत नाही

'इंजिनाचा बेल्ट किंचाळतोय? गंज सोडवणारा स्प्रे मारा. आवाज थांबला तर बेल्ट कोरडा पडला होता, नाही थांबला तर ताण वाढवा. भेगा नसतील तर बेल्ट ठणठणीत आहे. एवढं करूनही भागलं नाही तर नवा टाका.' हा सल्ला सगळीकडे फिरतोय आणि त्यातला एकही मुद्दा धड नाही.

हा बेल्ट म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या क्रँक पुलीवरून (पुली म्हणजे खाचांचं चाक) अल्टरनेटर (वीज बनवणारा), वॉटर पंप, एसी वगैरे फिरवणारा बाहेरचा पट्टा. तो चालतो रबर आणि पुलीच्या घर्षणावर. त्याला वंगण लागतच नाही. तेलकट स्प्रेने आवाज थांबतो, कारण बेल्ट आता गुपचूप घसरू लागतो. वर तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. तपासायचंच असेल तर साधं पाणी पुरे. इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, चालू ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूवर हलका फवारा मारा. हात आणि सैल कपडे मात्र लांब. इलेक्ट्रिक फॅन कधीही सुरू होतो. आवाज क्षणभर थांबून परत आला तर बहुधा पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे बहुधा ताण कमी आहे. कानालाही फरक कळतो: तुटक चिक-चिक बहुतेकदा वाकड्या पुलीची, सलग किंचाळी घसरण्याची. एसी लावल्यावर किंवा हायड्रॉलिक स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंचाळी वाढते, कारण तेव्हा भार वाढतो.

आता ताण वाढवण्याचं. ऑटो टेन्शनर (बेल्ट आपोआप ताणून धरणारा स्प्रिंगचा हात) असेल तर ताण त्याची स्प्रिंग ठरवते. तुम्ही वाढवणार कशाने? त्याचा हात आयडलवर थडथड उडत असेल तर टेन्शनर संपलाय, किंवा अल्टरनेटरची क्लचवाली पुली जाम झालीय. ही पुली अल्टरनेटरच्या रोटरच्या (आतल्या फिरत्या भागाच्या) तुलनेत एकाच दिशेने मोकळी फिरायला हवी. दोन्हीकडे जखडलेली किंवा दोन्हीकडे मोकळी असेल तर बदला. जिथे बोल्टने हाताने ताण देता येतो तिथे 'अजून थोडा' करत गेलात तर अल्टरनेटरच्या आणि वॉटर पंपच्या बेअरिंगवर संक्रांत.

भेगांची कसोटी निओप्रीन या जुन्या रबराच्या बेल्टची. हल्लीचे ईपीडीएम या रबराचे बेल्ट सहसा भेगाळत नाहीत, टायरसारखे झिजतात. खाचा रुंद आणि खोल होतात, पुलीचे कंगोरे तळाला टेकतात आणि पकड जाते. वरून बेल्ट नवाकोरा दिसतो. म्हणून डोळ्यावर न जाता खाचेत वेअर गेज (झीज मोजायची पट्टी) घालून बघा.

राहिला नवा बेल्ट. घरघर किंवा खरखर असेल तर बेल्टवर पैसे घालण्याआधी बेअरिंग बघा. इंजिन बंद करून बेल्ट काढा, जाण्याचा मार्ग आधी कागदावर काढून ठेवा. मग आयडलर (बेल्टला नुसतं वळण देणारी पुली), टेन्शनर, अल्टरनेटर, वॉटर पंप अशी एकेक पुली हाताने फिरवा आणि मागेपुढे हलवा. खरखर किंवा खेळ लागला तर ते बेअरिंग गेलं. आयडलर टिचकीसरशी भिरभिरत राहिला तर खूश होऊ नका, आतलं ग्रीस सुकलंय. शंका उरलीच तर बेल्टविना इंजिन काही सेकंदच चालवा. वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर इंजिन थंड ठेवणारा कूलंट फिरत नसतो. तरीही तोच आवाज आला तर मूळ या बेल्टने फिरणाऱ्या भागांत नाही. क्रँक पुली, टायमिंग चेन किंवा टायमिंग बेल्टचा (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर चालवणारा वेगळा पट्टा) टेन्शनर, तिकडे शोधा.