नुसती जुनी

"साहेब, ही गाडी आत न्हाई घेता यायची. जुनी हाय."

हे वाक्य मला घोडबंदर रोडजवळच्या एका गृहसंकुलाच्या दारात ऐकावं लागलं, आणि ऐकताना माझ्या डोक्यावर 'विंटेज आणि क्लासिक कार शो, प्रवेश विनामूल्य' असा बस झाकेल एवढा फलक फडफडत होता. माजिवड्यापासून तिथवर ट्रक, बॅरिकेड आणि खड्डे यांच्यातून पहिल्या-दुसऱ्या गियरवर आलो होतो. डावा पाय क्लच दाबून दाबून बधिर झाला होता. मागे हॉर्नांचा जल्लोष. आणि समोर हे मामा. निळा गणवेश, गळ्यात शिट्टी, हातात वॉकीटॉकी, मिशा थेट घरंदाज.

"मामा, आत सगळ्या जुन्याच आहेत ना?"

"हायेत की."

"मग?"

"त्या लय जुन्या हायेत. ही नुसती जुनी हाय."

टोमणा मारला असता तर मीही काहीतरी मारला असता. पण मामांनी हे पावसाचा अंदाज सांगावा इतक्या निर्मळपणे सांगितलं. मग ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. बॉनेटवर टिचकी मारून पत्र्याचा आवाज ऐकला.

"कोन्या सालची?"

"2008."

"मंग प्रदर्शनात बसत न्हाई. पन्नास वर्सं पायजेत."

"अहो, मला प्रदर्शनात लावायचीच नाहीये! पार्किंगला लावायची आहे."

"पार्किंग बेसमिटात हाय."

"मग सोडा की."

"बेसमिटात पंधराच्या वरची घेत न्हाईत. सोसायटीचा नेम हाय. आईल गळतंय, टायली खराब हुत्यात."

"माझी गळत नाही."

मामा वाकले. गुडघ्यावर हात टेकून गाडीखाली बराच वेळ पाहिलं. मागच्या गाडीवाल्याने काच खाली करून माझ्या घराण्याची चौकशी केली. उठल्यावर मामांच्या चेहऱ्यावर थोडी निराशा होती, पण नियम तो नियम. त्यांनी वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"सर, गेटवर मारुती आलीय... मारुती, मारुती... न्हाई सर, देऊळ न्हाई, गाडी... आठशे... न्हाई सर, आठशे न्हाई, एकच."

तेवढ्यात बाजूच्या रांगेतून एक प्लिमथ आली. काय तिचा रुबाब! क्रोम असं चकाकत होतं की त्यात मला माझा घामेजलेला चेहरा चार ठिकाणी दिसला. मामांनी कडक सलाम ठोकला, "या साहेब, या," म्हणत साखळी खाली केली आणि प्लिमथने आत जाता जाता माझ्या उघड्या खिडकीत एक जाड, निळसर, पेट्रोलचा वास मारणारा ढग सोडला. खोकला थांबल्यावर मी म्हणालो, "मामा, माझ्या गाडीचं पीयूसी आहे. ही एवढा धूर सोडते, ती चालते?"

"त्याचं येगळं हाय साहेब."

"काय वेगळं?"

मामांनी विचार केला. खरंच केला. "त्यो धूर जुना हाय."

यावर बायको हसली. वर "तू लाव गाडी, आम्ही होतो पुढे," म्हणून मुलीला घेऊन उतरली. दोघी साखळी ओलांडून गेल्या, मामांनी त्यांनाही सलाम ठोकला. मी समोरच्या चिखलाच्या प्लॉटवर गाडी लावली. तिथे एका पोराने शंभर रुपये घेतले. पावती मागितली तर तो मित्राकडे बघून हसला.

आता मामांवर राग नाही. त्यांनी जे सांगितलं ते, आकड्यांसकट, सरकारचंच धोरण आहे. 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूप न बदललेली गाडी 'विंटेज' ठरते. तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, आणि ती दहा वर्षं चालते. त्या बदल्यात अट अशी की गाडी रोजच्या कामाला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरती रस्त्यावर आणायची. म्हणजे काही काम न करण्याचा हा सरकारमान्य परवानाच. माझी गाडी भाजी आणते, सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते, गणपतीत गावी जाते. तिला पंधरा पूर्ण झाल्यावर मला पुनर्नोंदणी करावी लागली. तिचं शुल्क आधी 600 होतं, 1 एप्रिल 2022 पासून 5 हजार झालं. वर पर्यावरण कर वेगळा. पंधरा ते पन्नास या पस्तीस वर्षांत गाडीने करायचं काय, हे कोणी सांगत नाही. माझी 2058 साली विंटेज होईल. तोपर्यंत पत्रा टिकला, पेट्रोल मिळालं आणि मी असलो, तर त्या बेसमेंटच्या दारात एकदा उभी करून यायची इच्छा आहे.

तर आत गेलो. पहिली गोष्ट दिसली ती ही की प्रत्येक मौल्यवान गाडीच्या खाली पत्र्याचा ट्रे ठेवलेला. ऑइल गळतं म्हणून. काही ट्रे निम्मे भरलेले. गालिचा मात्र लाल आणि कोरा करकरीत. मी मामांना हाक मारायला मागे वळलो, पण ते लांब होते.

एका कोपऱ्यात लोक जिला 'डुक्कर फियाट' म्हणायचे ती जुनी गाडी होती, आणि तिथे मी सगळं विसरून उभा राहिलो, हे कबूल. पुढची दारं उलटी उघडणारी, बिजागऱ्या मागच्या बाजूला. स्टिअरिंगच्या दांड्यावर गियर. खिडकीची ती तिकोनी काच, जिच्यातून वारा थेट काखेत जायचा. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही फियाट. आमच्या थोरल्या काकांकडे डोंबिवलीत होती. त्या काळी पैसे भरून नंबर लागायची वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. काकांच्या गाडीचा नंबर लागला तेव्हा लग्नात ती वापरू म्हणणारा चुलतभाऊ दोन मुलांचा बाप झाला होता. गाडीत आम्ही नऊ जण बसायचो. उतरताना मात्र दहा निघायचे, तो दहावा कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्याच घराण्यातल्या पद्मिनीने मुंबईची काळीपिवळी टॅक्सी होऊन किती पिढ्या वाहिल्या, आणि 30 ऑक्टोबर 2023 ला वीस वर्षांच्या वयोमर्यादेचं कारण देऊन तिला रस्त्यावरून कायमची उतरवली. राबली तेव्हा वयोमर्यादा, आता दोरी लावून आरती.

मी हे मुलीला सांगायला लागलो तर दोरीपलीकडल्या स्वयंसेवकाने "काका, लांबून," म्हटलं. मी लांबच होतो. नुसतं बोट दाखवत होतो. "बोटपण," तो म्हणाला.

दुपारी माइकवरून घोषणा झाली की आता मानाच्या गाड्या संकुलाला एक फेरी मारतील, रसिकांनी टाळ्यांनी स्वागत करावं. प्लिमथ सर्वांत पुढे. मालक टोपी घालून बसले, चावी फिरवली. गाडी घशात काहीतरी अडकल्यासारखी दोनदा खाकरली आणि गप्प झाली. पुन्हा चावी. पुन्हा गप्प. मग माइकवरून: "उपस्थित रसिकांपैकी सुदृढ मंडळींनी कृपया पुढे यावं." सुदृढ म्हणजे कोण, ते रसिकांना कळेना. बायकोने मला पुढे ढकललं. आम्ही सहा जण मागे लागलो. सकाळी बोटसुद्धा चालत नव्हतं, आता दोन्ही तळवे, छाती आणि एक गाल त्या क्रोमला लावून ढकलत होतो, आणि दोरीवाला स्वयंसेवक "काका, अजून जोर!" म्हणत बाजूने मोबाइलवर शूटिंग करत होता. मामाही गेट सोडून आले. त्यांनी हात लावला नाही, शिट्टी वाजवली.

उतार लागला, गाडी धडधडून सुरू झाली, मालकांनी आरशातून हात हलवला आणि टाळ्या पडल्या. त्या मालकांना. आम्हा सहा जणांच्या वाट्याला तोच तो जुना धूर आला, या वेळी थेट छातीवर. शर्ट पांढरा होता.

तो शर्ट काल धोब्याने परत पाठवला. डाग निघणार नाही म्हणाला. इस्त्रीचे पैसे मात्र घेतले.