भावजींची पावती

परवा भावजींनी घरच्या ग्रुपवर भाचीच्या कॉलेजची पावती टाकली. शिक्षण शुल्क शून्य, परीक्षा शुल्क शून्य, आणि त्याखाली 'इतर शुल्क' म्हणून घसघशीत आकडा. सोबत टोमणा: "मुलींना शिक्षण मोफत म्हणे! तुमच्या जर्मनीत चालतं का रे असलं?"

चालतं की! भावजींना वाटतं, इथे विद्यापीठाचं दार उघडं आहे आणि आत शिरलं की झालं. 2013 साली मी जर्मनीतल्या कार्ल्सरूहला मास्टर्ससाठी आलो तेव्हा शिक्षण शुल्क नव्हतं, पण सेमिस्टर फी होतीच. ती वेळेत भरली नाही तर नाव कापतात, मग प्राध्यापकाचे तुम्ही कितीही लाडके असा. अडेनाउअररिंगवरच्या मेन्सातलं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खाणावळीतलं, ते टोमॅटो सॉसचं जेवण स्वस्त होतं, त्यात या पैशांचाही वाटा होता. (टिळक रोडच्या खाणावळीतल्या आमटीची सर त्याला नाही, हा मुद्दा वेगळा.)

पण इथे कागदावर ओळी वेगळ्या असतात. प्रशासन खर्चाचे इतके, मेन्सा-वसतिगृहांचे इतके, विद्यार्थी संघाचे इतके. संघाचा वाटा कशावर खर्च करायचा हे विद्यार्थ्यांनी निवडून दिलेली मुलं ठरवतात. मी एकदाच मत दिलं, तेही रांग लहान होती म्हणून. भाचीने ऑफिसात 'इतर म्हणजे काय?' असं विचारलं, तर खिडकीतून उत्तर आलं, "वरून आलंय." आपल्याकडे नव्वदच्या दशकात बंद झालेल्या विद्यार्थी प्रतिनिधींच्या खुल्या निवडणुका 2016 च्या विद्यापीठ कायद्यात परत आल्या, पण भाचीने अजून एकही पाहिलेली नाही. मग जिमखान्याच्या पैशांचा हिशेब मागायचा कुणी?

म्हणून मी ग्रुपवर मोठा निबंध लिहिला. जुलै 2024 च्या शासन निर्णयात काय आहे ते नीट वाचा, म्हटलं. उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल घटकातल्या, ओबीसी आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात माफी आहे, आणि ती शिक्षण नि परीक्षा या दोनच शुल्कांची. बाकीचं मोफत आहे असं कुणी म्हटलंच नव्हतं. फी घेतात याला माझी हरकत नाही, ती कशाची हे सांगत नाहीत याला आहे. वगैरे, वगैरे. ताईने हात जोडल्याची इमोजी टाकली. ही तिची गप्प बसवायची पद्धत.

भावजींनी मात्र एकच विचारलं, "तुझी फी मग कुणी भरली?"

पुण्यात मी सरकारी कॉलेजात अगदी नाममात्र फीवर इंजिनिअर झालो. तो पैसा महाराष्ट्राचा. इथली मास्टर्स झाली ती बाडेन-व्युर्टेंबर्ग या कार्ल्सरूहच्या राज्यातल्या करदात्यांच्या पैशावर. आता मी टॅक्स क्लास तीनमध्ये, म्हणजे विवाहितांसाठीच्या एका कर-वर्गात आहे, भरतो भरपूर, पण भरतो ते इथे. सदाशिव पेठेतल्या घरी पाठवतो ते दिवाळीचे पैसे आणि उपदेश.

आणि मी आलो ते नेमका मुहूर्त साधून. 2007 पासून या राज्यात सेमिस्टरला 500 युरो शिक्षण शुल्क होतं. हिरव्यांच्या, म्हणजे ग्रीन पक्षाच्या, सरकारने ते 2012 मध्ये सगळ्यांसाठी काढलं. त्याच हिरव्यांनी 2017 च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्यांना 1500 युरो लावले. तेव्हा जेवणाच्या टेबलावर सहकारी म्हणाला होता, "बरोबरच आहे, आपण सगळ्या जगाला का शिकवायचं?" मग माझ्याकडे बघून घाईने, "तुझ्याबद्दल नव्हे हं." मी मान डोलावली होती. 'आपण' या शब्दात त्याने मला धरलं होतं, त्याचा केवढा आनंद झाला होता मला! तेव्हा भाची शाळेत होती, तिचा विचारही मनात आला नाही.

आता तिला मास्टर्सला इथेच यायचंय. रविवारी फोनवर तिने विचारलं, "मामा, तुझ्याकडे फुकट असतं ना?" मी सांगितलं, सेमिस्टरला 1500 युरो, शिवाय सेमिस्टर फी, शिवाय व्हिसासाठी खात्यात आधी वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे 11,904 युरो अडकवायचे.

"पण तुला तर पडले नव्हते ना?"

फोन स्पीकरवर होता. मागून भावजींचा आवाज आला, "अगं, तिकडे इतरांचं शुल्क, इकडे इतर शुल्क."