जन्मठेप म्हणजे 14 वर्षं नव्हे, आणि तुरुंगात रात्र वेगळी मोजत नाहीत

खुनाच्या एखाद्या खटल्याचा निकाल लागला की हा मेसेज हमखास फिरतो: ‘जन्मठेप म्हणजे 14 वर्षं. तुरुंगात दिवस आणि रात्र वेगळी मोजतात, म्हणजे उरली 7. शिक्षा न्यायाधीशाच्या मर्जीवर. मनात असतं तर त्याच दिवशी फाशी झाली असती.’ चारही वाक्यं चुकीची आहेत, आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना ती नाहक खचवतात.

आधी दिवस-रात्रीचं. असा हिशेब ना भारतीय न्याय संहितेत आहे, ना जुन्या दंड संहितेत. 24 तासांचा एकच दिवस धरतात. मुदतीची शिक्षा प्रत्यक्षात कमी होते ती दोन कारणांनी: खटला चालू असताना कोठडीत काढलेले दिवस त्यातून वजा होतात, आणि काम व वर्तणूक पाहून तुरुंगात माफीचे दिवस मिळतात. 10 वर्षांच्या शिक्षेतून माफी वजा करता येते. जन्मठेपेला शेवटची तारीखच नसते, मग वजा कशातून करणार? गांधीहत्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांनी नेमका हाच मुद्दा मांडला होता: माफी धरून आपली 20 वर्षं भरली, आता सोडा. सर्वोच्च न्यायालयाने 1961 साली तो फेटाळला. जन्मठेप म्हणजे उरलेलं संपूर्ण आयुष्य. सरकारने माफीचा आदेश काढल्याशिवाय सुटकेचा हक्क नाही.

त्यातला 20चा आकडा कायद्यात आहे, पण शिक्षेचा अंश काढण्यापुरता. गुन्ह्याच्या प्रयत्नाला निम्मी शिक्षा असेल, तर जन्मठेपेचं निम्मं 10 वर्षं धरायचं. एवढंच त्याचं काम.

मग 14 आले कुठून? 1978 साली फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 433-अ आलं. आज ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 475 आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही देता येते त्यात जन्मठेप झाली असेल, किंवा फाशीची जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष 14 वर्षं भोगल्याशिवाय सरकारला माफी देऊन सोडता येत नाही. ही किमान अट आहे. 14 वर्षांनी फक्त अर्ज विचारात घेता येतो. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत मागवता येतं, निर्णय राज्य सरकार घेतं, आणि तो न्यायालयात टिकावा लागतो. 2002च्या गुजरात दंगलीतल्या बिल्किस बानो प्रकरणातल्या 11 दोषींना गुजरात सरकारने ऑगस्ट 2022मध्ये सोडलं होतं. जानेवारी 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली, कारण शिक्षा मुंबईत झाली होती आणि अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता. राष्ट्रपती आणि राज्यपालांचे संविधानातले अधिकार या 14 वर्षांनी बांधलेले नाहीत, हे मात्र खरं.

‘मर्जी’बद्दल. खून सिद्ध झाला की न्यायाधीशापुढे दोनच पर्याय उरतात, जन्मठेप किंवा फाशी, सोबत दंड. खुनाला 10 वर्षं देताच येत नाहीत. तशी बातमी वाचली तर बहुतेक वेळा खुनाऐवजी सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनापेक्षा हलका गुन्हा, सिद्ध झालेला असतो. कलम कोणतं टिकलं हे पाहिल्याशिवाय शिक्षेवर राग काढू नये. बलात्काराला किमान 10 वर्षं सक्तमजुरी आहे. त्याखाली जाण्याची मुभा न्यायालयाला नाही.

उरली फाशी. दोषी ठरवल्यावर शिक्षेवर स्वतंत्र सुनावणी बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1980च्या बच्चन सिंग निकालानुसार फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात, विशेष कारणं लिहून द्यावी लागते, आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहावा लागतो. तो सुधारण्यापलीकडे गेला आहे हे पुराव्याने दाखवणं सरकारी पक्षाचं काम आहे. त्याच न्यायालयाच्या 2022च्या मनोज निकालाने त्यासाठी आरोपीचा मानसिक अहवाल, तुरुंगातल्या वर्तनाचा अहवाल आणि त्याची कौटुंबिक-सामाजिक माहिती खटल्याच्या टप्प्यावरच मागवायला सांगितलं. सगळं बिनसतं ते इथेच. सकाळी दोषी, दुपारी फाशी, मध्ये दोन वाक्यांचा युक्तिवाद. टाळ्या मिळतात, पण असा आदेश वर टिकत नाही. शिवाय सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येतच नाही. फाशीऐवजी माफीविना 25 किंवा 30 वर्षं असा मधला पर्यायही आहे, पण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या 2015च्या निकालानुसार तो फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाला.

शिक्षा खरोखर कमी वाटली तर काय करायचं? आरोपी सुटला, हलक्या कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडित व्यक्तीला स्वतः अपील करता येतं. कलम तेच टिकलं आणि फक्त शिक्षा कमी झाली, तर ते अपील सरकारच करू शकतं. तेव्हा निकालाची प्रत हातात येताच सरकारी वकिलांना गाठून अपिलाचा प्रस्ताव लेखी मागावा; मुदत निकालापासूनच धावू लागते.