'आधी नवं घर घ्या, जुनं सावकाश विका': ब्रिज लोनचा हा सल्ला कुठे फसतो

घर बदलणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: 'आवडलेलं घर हातचं घालवू नका. मधल्या काळासाठी ब्रिज लोन, म्हणजे जुनं घर विकेपर्यंतचं तात्पुरतं कर्ज, घ्या. चार-सहा महिन्यांचंच व्याज, हप्ता नाही, आणि जुनं घर विकलं की सगळं फिटतं. विक्रीची घाई कशाला?' ऐकायला हे फार सोपं वाटतं, म्हणूनच त्यातलं एकेक वाक्य तपासायला हवं.

'चार-सहा महिन्यांचंच व्याज.' पण ते किती रकमेवर? समजा, जुन्या घराची अपेक्षित किंमत 100 (सगळे आकडे लाखांत) आहे आणि त्यावर 40 कर्ज बाकी आहे. नवं घर सगळ्या खर्चासकट 130 ला पडतं, त्यातले 10 तुमच्याकडे आहेत. जुनं घर विकेपर्यंत डोक्यावर 40 अधिक 120, म्हणजे 160 कर्ज राहतं. विक्रीखर्च 3 टक्के धरला तर 97 हातात येतील आणि 63 कर्ज उरेल, असा मनातला हिशेब असतो. आता घर विकायला 9 महिने लागले, किंमत 90 च आली आणि व्याज दरमहा 1 टक्का चक्रवाढीने चढत राहिलं (सोयीसाठी सगळ्या कर्जावर एकच दर धरला आहे). 160 चे 175 झाले, हातात 87.3 आले, कर्ज उरलं 87.7. किंमत फक्त 10 टक्क्यांनी घसरली, पण उरलेलं कर्ज जवळपास 40 टक्क्यांनी वाढलं. पुढचा नेहमीचा हप्ता या 88 वर बसणार आहे. तो झेपेल का, हे विसार देण्याआधी बघा.

'हप्ता नाही.' काही कर्जांत व्याज दरमहा भरावंच लागतं. काहींत ते मुद्दलात मिसळत जातं, म्हणजे व्याजावर व्याज. तिसऱ्या प्रकारात पूर्ण मुदतीचं व्याज आधीच कापून घेतात: 100 मंजूर झाले, वर्षाचं 12 व्याज आणि 2 प्रक्रिया शुल्क वजा झालं, की खात्यात 86 येतात. विक्रेत्याला पूर्ण रक्कम द्यायच्या दिवशी हा फरक कळला तर फार पंचाईत होते.

'विक्रीची घाई कशाला?' घाई मुदतीमुळे होते. ती ठरावीक असते, बहुधा काही महिन्यांपासून फार तर दोन वर्षांपर्यंत. शेवटचे दोन महिने उरले की घासाघीस करायची ताकद गिऱ्हाइकाकडे जाते. गरजवंताला अक्कल नसते, ती इथे. मुदत संपली की दंड, मुदतवाढीचं शुल्क आणि बऱ्याचदा नव्याने मूल्यांकन. तारण अनेकदा दोन्ही घरांचं असतं, त्यामुळे ज्या घरात राहायला गेलात तेही धोक्यात येतं.

'विकलं की फिटतं.' विक्रीचा करार होणं वेगळं आणि पैसे खात्यात येणं वेगळं. मध्ये गिऱ्हाइकाचं कर्ज अडतं, त्याच्या बँकेचं मूल्यांकन कमी येतं, कागदावरचं क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष बांधकाम जुळत नाही, एखाद्या सहमालकाची सही राहिलेली असते. जुन्या कर्जाचा बोजा उतरायलाही दिवस जातात. म्हणून घर विकायला काढण्याआधीच मूळ कागद कुणाकडे आहेत ते बघा आणि जुन्या बँकेकडून कर्जफेडीची रक्कम लेखी घ्या; त्यात दररोज किती व्याज चढेल हेही लिहून मागा.

ब्रिज लोन वाईट नाही. जुन्या घराचा पक्का करार झालेला आहे, विसार मिळाला आहे, गिऱ्हाइकाचं कर्ज मंजूर आहे आणि विक्री आणि खरेदी या दोन तारखांमध्ये काही आठवड्यांचंच अंतर आहे, अशा वेळी ते चोख काम करतं. गिऱ्हाइकाचा पत्ता नसताना घेतलेलं कर्ज मात्र निव्वळ अंदाजावर उभं असतं. तेव्हा आधी दुसरे मार्ग पाहा. नव्या घराच्या विक्रेत्याकडे ताब्याची तारीख पुढची मागा, किंवा 'जुनं घर विकलं गेलं तरच' अशी अट करारात घाला. जुनं घर विकून त्याच गिऱ्हाइकाकडे काही महिने भाड्याने राहता येतं का, हेही विचारा. दोनदा सामान हलवावं लागत नाही आणि 160 चा डोंगरही उभा राहत नाही.